उत्तराची जागा

आमच्या साप्ताहिकाचे संपादक काका जगाच्या दोन महिने मागे राहत आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. पॅरिसचा पेपर बोटीने मुंबईला यायचा, मुंबईहून आगगाडीने जलंबला, तिथे गाडी बदलून खामगावला. वीस-पंचवीस अंकांचा गठ्ठा एकदम हातात पडे. पण काका तो एकदम उघडत नसत. तारखेप्रमाणे रोज एक अंक, सकाळी, बिनदुधाच्या कॉफीबरोबर. मधल्या काळात रेडिओने काहीही सांगितलं तरी त्यांच्या लेखी ते घडलेलं नसे.

"काका, तिकडचा मंत्री पडला म्हणते रेडिओ," समोरचा हॉटेलवाला मुद्दाम सांगायचा.

"पडला असन. माह्यापाशी अजून दोन महिने खुर्चीवर हाये तो."

आणि ते दोन्ही महिने काका त्या मंत्र्यावर पूर्वीसारखीच टीका करायचे, पडलेला माणूस म्हणून एका शब्दाची सवलत न देता. मग एका सकाळी कॉफी संपवून ओसरीवर यायचे आणि रस्त्यापलीकडे बघून म्हणायचे, "हाव बे. पडला."

गावात त्यांना फ्रान्सवाले म्हणत. मी काका म्हणायचो, नात्याने ते माझे कोणी नव्हते. पहिल्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीबरोबर कारकून म्हणून ते मार्सेल्स बंदरात उतरले, आणि उतरताना त्यातल्याच एका खेचराने त्यांची मांडी मोडली. लढाई त्यांनी पाहिलीच नाही. काही महिने इस्पितळात आणि पुढे दोन वर्षं तिथल्याच गुदामात गेली. इस्पितळात पेपर विकायला एक म्हातारी यायची. तिने अक्षरांवर बोट ठेवून ठेवून त्यांना वाचायला शिकवलं. लढाईचे दिवस होते, सरकार बातम्या कापायचं, आणि पेपरवाले कापलेली जागा दुसऱ्या मजकुराने न भरता तशीच पांढरी छापायचे. म्हातारी त्या पांढऱ्या जागेवर टिचकी मारी, मग तेच बोट ओठांवर ठेवी आणि हसे.

"सरकारनं भोक पाडलं, पण पेपरवाल्यायनं ते बुजवलं नाही," काका सांगायचे. "मले वाचता याच्या आधी ते भोक समजलं."

परत आल्यावर त्यांनी कापूस बाजाराच्या रस्त्यावर पायाने चालवायचं एक छापायचं यंत्र बसवलं आणि चार पानांचं साप्ताहिक सुरू केलं. ते बाजाराच्या दिवशी निघायचं. साप्ताहिक मराठी, पण त्याची रीतभात सगळी तिकडची. ओसरीवर पाच खुंट्या होत्या. तिकडच्या कॉफीच्या दुकानांत पेपर काठीत धरून टांगतात म्हणून काकांनी सुताराकडून फटीच्या काठ्या करून घेतल्या होत्या. काठीला लावलेला पेपर कोणाला घडी करून बगलेत मारता येत नसे. बाजाराला आलेले लोक ओसरीवर उभे राहून, झेंडा धरल्यासारखी काठी धरून आमचं साप्ताहिक वाचत. ज्यांना वाचता येत नसे ते शेजाऱ्याची काठी धरून ऐकत.

पान एकच्या तळाशी एक आडवी रेघ असे. रेघेखालच्या जागेला काका तळमजला म्हणत. तिथे गोष्ट चालायची. फ्रान्सच्या पेपरांत ती गोष्ट कोणी नामांकित लेखक लिहितो, आमच्याकडे काकाच लिहीत. ती एका खेचराची गोष्ट होती. मी आलो तेव्हा तिला अकरा वर्षं झाली होती आणि खेचर अजून बोटीतून उतरायचं होतं.

निनावी मजकूर ते छापत नसत. एकदा नगरपालिकेचा एक सदस्य दुसऱ्या सदस्याविरुद्ध लेख घेऊन आला. खाली लिहिलं होतं, 'एक नागरिक'.

"नागरिकाले मायबापानं नाव नाही ठेवलं का?" काकांनी विचारलं. तो लेख घेऊन परत गेला.

अल्जेरियातली लढाई चालू होती त्या वर्षांत गठ्ठ्यातली एखादी तारीख गळालेली असे, कारण तिथल्या पोलिसांनी तो अंक जप्त केलेला असायचा. काका त्या तारखेचा एक कोरा कागद गठ्ठ्यात घालत. त्या दिवशी तो कोरा कागद काठीला लावून खुंटीवर टांगत आणि त्याच्यासमोर बसून कॉफी पीत.

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम उत्तराचा होता. ज्याचं नाव छापलं त्याला उत्तराचा हक्क. त्याच जागी, त्याच अक्षरात, तेवढीच लांबी. फ्रान्समध्ये तसा कायदाच आहे. आपल्याकडे नव्हता, तो काकांनी स्वतःपुरता लागू करून घेतला होता.

"नाव छापलं म्हणजे आपण त्याच्या घरात शिरलो," ते म्हणत. "मंग त्याले आपल्या घरात येऊ द्या लागते."

लोक या नियमाचा मनसोक्त उपयोग करत. एकदा प्रदर्शनात ज्याच्या भोपळ्याला दुसरा नंबर मिळाला त्याने पहिल्या भोपळ्याविषयी सव्वा रकाना उत्तर पाठवलं. मूळ बातमी एक रकाना होती. काकांनी सव्वाचा एक केला, आणि कापलं ते दिसलं पाहिजे म्हणून खाली पाव रकाना कोरा सोडला. छापायची अक्षरं, म्हणजे शिशाचे खिळे, जुळवणारे रहीमभाई कुरकुरले. कोरी जागा रिकामी ठेवली तर अक्षरांभोवतीची लोखंडी चौकट आवळता येत नाही. तिथे अक्षरांपेक्षा बुटके शिशाचे ठोकळे भरावे लागतात, म्हणजे ते कागदाला टेकत नाहीत.

"अक्षर जुळवतो तं कमीत कमी वाचाले भेटते," रहीमभाई म्हणाले. "हे शिसं भरून काय भेटते?"

"सबूर भेटते," काका म्हणाले.

संयुक्त महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती तेव्हा मी तिथे लागलो. बावीस वर्षांचा होतो. आमचं घर नांदुऱ्याकडच्या एका गावात, वांगी-मिरचीचा मळा. घरात देव्हारा नव्हता, एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात बाबांनी जमवलेली पत्रकं होती, भटशाहीविरुद्ध, सावकारीविरुद्ध, दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध. बाबांनी मला त्यांवरच वाचायला शिकवलं. मला मुळाक्षरांच्या आधी उद्गारचिन्ह कळत होतं. पत्रकाला उत्तर नसतं. ते वाटायचं आणि पुढच्या गावाला जायचं. म्हणून काकांचा नियम मला सुरुवातीपासून भेकडपणा वाटायचा, आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

"जो लुटते त्याले बी तेवढीच जागा? हा कोणता न्याय, काका?"

"न्याय कचेरीत भेटते. इथं जागा भेटते," काका म्हणायचे आणि पान उलटायचे.

मग मी किसनभाऊंवर लिहिलं.

किसनभाऊ कापूस बाजारातले दलाल होते. दहा-बारा वर्षांपूर्वी अकोटाकडून येऊन खामगावात राहिले होते. कमी बोलणारा माणूस, घरी दोन मुली, कोणाकडे जेवायला जाणार नाही, कोणाच्या हातचा चहा उभ्या उभ्या डाव्या हाताने घेणार. त्या काळात बाजारात उघड बोलीचा नियम होता. पण त्याआधीची रीत अशी होती की दलाल आणि घेणारा एका कापडाखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा कापूस, तो शेतकरी गाडीजवळ नुसता उभा. ही रीत गेली नाही, फक्त आडोशाला गेली, असं बाबांच्या एका पत्रकात होतं. मी आडोसा शोधत बाजारात हिंडत होतो. एका सकाळी मला तो दिसला. किसनभाऊ एका गाडीजवळ उभे होते, समोर एक माणूस, आणि दोघांच्या हातांवर किसनभाऊंचा दुपट्टा पसरलेला. जरा वेळाने त्यांनी मान हलवली आणि गाडी पुढे गेली.

मी सरळ छापखान्यात आलो आणि एका बैठकीत पूर्ण रकाना लिहून काढला. मथळा दिला, 'दुपट्ट्याखालचा हात'. तो हात शेतकऱ्याच्या गळ्यापर्यंत कसा पोचतो ते लिहिलं. किसनभाऊंचं नाव तीनदा घेतलं. खाली माझं नाव घातलं.

काकांनी वाचलं. "त्याले विचारलं का?"

"चोराले काय विचाराचं?"

काकांनी खालच्या माझ्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नाव तुह्यं हाये." आणि कागद रहीमभाईंच्या हातात दिला. पान एक, डावा रकाना.

त्या बाजाराच्या दिवशी ओसरीवरच्या पाचही काठ्या खुंटीवर परत गेल्या नाहीत. लोक मोठ्याने वाचत होते. मला माझंच वाक्य रस्त्यावरून ऐकू येत होतं, आणि ते फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काका नियमाप्रमाणे स्वतः किसनभाऊंकडे उत्तर मागायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. "मले काही सांगाचं नाही, तुमी छापा काय छापाचं ते," एवढंच किसनभाऊ म्हणाले होते.

"पाहा," मी म्हणालो. "खरा असता तर बोलला असता."

पुढच्या अंकात पान एकचा डावा रकाना काकांनी वरून खालपर्यंत कोरा छापला. वर बारीक अक्षरात फक्त दोन ओळी: 'ही जागा श्री. किसनभाऊ यांच्या उत्तराची आहे. ते आलेलं नाही.' मी चिडलो. गुन्हेगाराच्या मौनाला आपण पहिलं पान देतो आहोत, म्हणालो. रहीमभाई शिसं भरताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतना शिसा मैने कभी नही भरा."

त्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी किसनभाऊ आले. रहीमभाई नमाजला गेले होते. काका कॉफी घेत होते. किसनभाऊ आत आले, दार लोटलं, आणि उजव्या हातावरचा दुपट्टा काढून हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

तीन बोटं मुळापासून नव्हती. अंगठा होता आणि करंगळी.

"सात वर्साचा होतो," ते म्हणाले. "मायसंग जिनात सरकी काढाले जाऊ. रुईत हात घातला अन् रूळ फिरला. लहान होतो तवा कोणी काही म्हणे नाही. मोठा झालो, लगन झालं, मंग गावात एक नवीन माणूस आला, त्यानं हात पाह्यला अन् म्हणला, महारोग. मी सांगून पाह्यलं. लोक 'हाव हाव' म्हणत अन् मांगं सरकत. पाणी बंद झालं. म्हून इकडं आलो. तवापासून हा दुपट्टा हाये."

मी विचारलं, "मंग त्या दिवशी, गाडीजवळ?"

"कापसाचा धागा केवढा लांब हाये ते पाहाले दोन हात लागते. चिमूट धराची अन् दोन्हीकून ओढाची. माह्यापाशी एकच हात हाये. म्हून एक टोक मी धरतो, एक गाडीवाल्याले धराले लावतो. दुपट्टा वरून पडते. तू लांबून पाह्यलं."

"मंग काकायले तुमी काऊन नाही सांगतलं?"

"तू कुठी आला होता इचाराले?" ते शांतपणे म्हणाले. मग काकांकडे वळले. "फ्रान्सवाले, तुमी जागा ठेवली माह्यासाठी. रोज कोणी ना कोणी इचारते, काऊन भाऊ, तुमची जागा कोरी काऊन? माह्या दोन पोरी हायेत लगनाच्या. ते कोरं बंद करा. दुसरं काही म्हणणं नाही."

ते हात झाकून निघून गेले. बावीस वर्षांच्या सवयीने माझं डोकं दुसऱ्याच क्षणी कामाला लागलं. मी काकांना म्हणालो की आपण सगळं खरं छापू. जिनात लहान लेकरांची बोटं जातात हे छापू. तुटलेल्या बोटांना महारोग म्हणणाऱ्या लोकांचं अज्ञान छापू. महारोग असला तरी पाणी का बंद करायचं, हे विचारू. माझी चूक तर मी पहिल्या ओळीतच कबूल करीन. मला तो लेख डोळ्यांसमोर दिसत होता, आणि तो पहिल्या लेखाहून चांगला होता.

"उत्तर त्याचं हाये," काका म्हणाले. "त्यानं ते तुह्यापाशी ठेवलं, तुले देलं नाही."

"पण खरं हाये ते. लोकायले कळलं पायजे."

"तुह्या सुधारणेसाठी त्याच्या पोरी नाहीत, लेका."

मी कोरा कागद पुढे ओढला. मग तीन ओळी लिहिल्या. 'मागे याच जागी मी जे लिहिलं ते खोटं होतं. मी चौकशी केली नव्हती. ते खोटं कसं, हे सांगण्याचा हक्क माझा नाही.' खाली माझं नाव. काकांनी कागद घेतला, वाचला, आणि माझ्या नावाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'छापण्याआधी मीही विचारलं नव्हतं. संपादक.' त्यांच्या नियमात एक खोट होती, ती त्यांना त्या दिवशी दिसली असावी. दुसऱ्याच्या घरात शिरून नासधूस करून आल्यावर मग ते आपलं दार उघडायचे. त्यानंतर आमच्याकडे कोणाचंही नाव त्याला आधी भेटल्याशिवाय छापलं गेलं नाही.

अंक निघाला. डावा रकाना, माझ्या तीन ओळी, त्यांची एक, बाकी सगळं पांढरं.

किसनभाऊंवरचं बाजारातलं बोलणं मिटलं, आणि माझ्यावरचं सुरू झालं.

"काय बे, दलालानं तोंडात कापूस कोंबला का?" हॉटेलवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं. पुढे हा विनोद गावभर झाला. माझ्या कुठल्याही लेखावर लोक म्हणत, पुढच्या आठवड्यात पाहू, खोटं होतं म्हणून लिहील तो. बाबा मिरची घेऊन बाजाराला आले तेव्हा खिशात तो अंक होता.

"कोणाले भेला?" त्यांनी विचारलं.

"कोणालेच नाही."

"मंग खोटं कसं ते सांग ना."

"सांगता येत नाही, बाबा."

बाबांनी अंकाची घडी केली. "आपल्या ट्रंकीत असा कागद नाही," ते म्हणाले, आणि तो माझ्याच हातात देऊन गेले. तोपर्यंत माझा प्रत्येक लेख ते ट्रंकेत ठेवत. त्यानंतरचा एकही ठेवला नाही.

मी नोकरी सोडली नाही, ती रागापोटी. आपण खरे आहोत आणि ते कोणाला सांगता येत नाही, ही गोष्ट मला पत्रकांनी शिकवलेली नव्हती. काकांनी मला कधी धीर दिला नाही. एकदाच, मी ओसरीवरचे टोमणे ऐकत मुद्रितं तपासत होतो तेव्हा म्हणाले, "ते म्हातारी भोकावर बोट ठेवून हासे. तू बी हासत जाय मधून मधून." मला हसू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी आलो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

पाच वर्षं गेली. एका थंडीत सकाळी काका गेले, कॉफी अर्धी उरली होती. गठ्ठ्यात एकोणीस अंक उघडायचे राहिले होते. मला फ्रेंच येत नाही. तरी मी रोज एक, तारखेप्रमाणे, काठीला लावून खुंटीवर टांगत गेलो.

त्यांच्यावर मी पूर्ण रकाना लिहिला, पान एक, डावीकडे. ते खेचर अकरा आणि पाच अशा सोळा वर्षांतही बोटीतून उतरलं नाही, हेही लिहिलं. आणि मग नियम होताच. त्यांचं नाव छापलं होतं. त्याच जागी, तेवढीच लांबी. पुढच्या अंकासाठी मी रहीमभाईंना डावा रकाना शिशाने भरायला सांगितला. त्यांनी या वेळी कुरकुर केली नाही.

चौकट आवळायच्या बेतात होतो तेव्हा किसनभाऊ आले.

"या खेपी काय हाये या जागी?" त्यांनी विचारलं.

"काकांच्या उत्तराची जागा. कोरी."

"मेलेल्या माणसाले कोरी जागा कायले? तो काय वाचून राह्यला?" ते दगडी पाटावर मांडलेल्या शिशाकडे बघत होते. "धाकटीचं लगन झालं या वैशाखात. दोघीयच्या सासऱ्यायले मी हात दाखवला, लगनाच्या आधी. दोघंयबी जेवले माह्या पंगतीत." मग म्हणाले, "माही जागा अजून बाकी हाये ना इथी?"

"हाये," मी म्हणालो.

"मंग लिही."

मी लिहून घेतलं, त्यांनी सांगितलं तसं, एक शब्द न बदलता. रहीमभाईंनी शिशाचे ठोकळे एकेक करून उचलले आणि तिथे अक्षरं लावत गेले.

'मी किसन, कापसाचा दलाल. पाच वर्सापह्यले या जागी माह्यावर छापलं होतं. माह्या उजव्या हाताची तीन बोटं लहानपणी जिनात गेली. हा महारोग नाही. मी कोणासंग दुपट्ट्याखाली सौदा केला नाही, करतो म्हणलं तरी तेवढी बोटं माह्यापाशी नाहीत. ज्याले पाहाचं त्यानं बाजारात यावं, आता हात उघडा हाये. ज्या पोरानं ते लिहिलं त्यानं चूक केली. मंग त्यानं माही गोष्ट पाच वर्सं झाकून ठेवली अन् लोकायचं बोलणं खाल्लं. त्याले कोणी विकत घेतलं नव्हतं. फ्रान्सवाल्यायनं माही जागा राखली, म्हून आज मी इथी आलो.'

हा अंक बाबांनी स्वतः मागून घेतला.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मजकूर बसवून झाल्यावर रहीमभाईंनी पट्टी लावून रकाना मोजला. किसनभाऊंचं उत्तर तळापर्यंत पोचलं नव्हतं, बऱ्याच ओळींची जागा उरली होती.

"इथी काय टाकू?" त्यांनी विचारलं.

किसनभाऊंनी उघडा हात पुढे करून उरलेल्या जागेवर अंगठा टेकवला. "हे तं फ्रान्सवाल्यायचीच हाये," ते म्हणाले.

रहीमभाईंनी काढून ठेवलेलं शिसं परत उचललं.